विक्सबर्गचा वेढा, १:६०००: दिवाळीच्या किल्ल्याच्या कामाच्या नोंदी

१ जून २०२४

आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली नऊ वर्षं मिसिसिपी राज्यात जॅक्सनला राहतो. दर दिवाळीत मागच्या अंगणात किल्ला होतो. अजिंक्यतारा झाला, प्रतापगड झाला, राजगड दोनदा झाला. यंदा लेक (वय अकरा) म्हणाली, "बाबा, आपल्या इथे पाऊण तासावर खराखुरा वेढा पडला होता, तो का नाही करत?" बरोबर बोलली. विक्सबर्ग इथून पाऊण तास. मिसिसिपी नदीच्या काठावर उंच टेकड्यांवर बसलेलं शहर, अमेरिकेच्या यादवी युद्धातलं. १८ मे ते ४ जुलै १८६३, सत्तेचाळीस दिवस ग्रँटच्या उत्तरेच्या फौजेने ते वेढलं. आत पेंबर्टनची दक्षिणेची फौज होती. शहर पडलं आणि पाच दिवसांनी खालचं पोर्ट हडसनही पडलं. सगळी नदी उत्तरेच्या हातात आली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

किल्ला या वेळी अंगणात नाही, फळीवर करायचा आहे, म्हणजे मंडळाच्या दिवाळीला हॉलमध्ये नेता येईल. सहा फूट बाय चार फुटांचं प्लायवूड आणलं, ६२ डॉलर. प्रमाण १:६०००, एका सेंटिमीटरला साठ मीटर. नदीचं वळण, शहर आणि दोन्ही बाजूंचे मोर्चे एवढ्यात बसतात.

असलं काम काढायचं कुणाच्या मनात असेल तर त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतो आहे.

८ जून

सरकारी भूमापन खात्याच्या संकेतस्थळावरून समोच्च रेषांचा नकाशा फुकट मिळाला. तो कागदांवर छापून जोडला. पाच मिलिमीटर जाडीचे फोम बोर्ड आणले आणि दर वीस फुटांच्या रेषेला एक थर कापला. नदीही त्याच नकाशावरून उतरवली, पायाच्या फळीवर गिरवून तपकिरी रंग दिला. दोघांचे मिळून सात तास गेले. काम भराभर होतंय म्हणून समाधान वाटलं.

१५ जून

सगळं चुकलं.

आज फोर्ट हिलवर गेलो. हे वेढ्याच्या तटबंदीचं उत्तरेकडचं टोक. खाली वाकून पाहिलं तर अपेक्षा होती ती अफाट नदी कुठेच नाही. अरुंद, शांत पाण्याची एक पट्टी दिसते. ती मिसिसिपी नाहीच, याझू नदीचं पाणी शहरापर्यंत आणणारा कालवा आहे, १९०३ सालचा. खरी मिसिसिपी शहर सोडून निघून गेली. २६ एप्रिल १८७६ ला तिने डी सोटो पॉइंट नावाची जिभेसारखी जमीन मधोमध कापली आणि सरळ वाट धरली. आज मोठी नदी काठाला लागते ती शहराच्या दक्षिणेला, पुलांजवळ.

म्हणजे मी फळीवर ओढलेली नदी आजची, आणि टेकड्यांवर बसवायचा वेढा १८६३ चा. त्या नदीवर हा वेढा समजणारच नाही. तेव्हाचं पात्र ईशान्येकडे चढत यायचं, डी सोटोच्या टोकाला वळसा घालून पूर्ण उलटं फिरायचं आणि शहराच्या पायथ्याने नैर्ऋत्येला जायचं. वरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला टेकडीवरच्या तोफांच्या तोंडाखाली ते वळण घ्यावं लागे, आणि वळताना वेग कमी करावा लागे. या जागेचं सगळं महत्त्व त्या वळणात होतं.

उत्तरेच्या फौजेने हीच जमीन कापून नदी वळवायचा प्रयत्न केला होता. १८६२ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा १८६३ च्या सुरुवातीला. दोन्ही वेळा हरले, गाळाने आणि तापाने. तेरा वर्षांनी नदीने ते काम स्वतःहून केलं.

दोन शनिवार वाया, फोमचे नऊ बोर्ड वाया. जुन्या युद्धाची जागा करणाऱ्यांनी आधी नदी तपासा. डोंगर जागचे हलत नाहीत, नदी हलते.

२२ जून

ग्रँटचे इंजिनिअर प्राइम आणि कॉमस्टॉक यांच्या देखरेखीखाली वेढ्याचा नकाशा तयार झाला होता. तो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे, मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतो. नदी, रस्ते, मोर्चे, खंदक सगळं त्यात आहे.

अडचण अशी की तो आजच्या समोच्च रेषांवर नीट बसत नाही. टेकडीवरचं जुनं कोर्ट हाउस (१८६० चं, अजून उभं आहे) आणि शर्ली हाउस (वेढ्याच्या काळातलं एक घर) हे दोन बिंदू जुळवले की दक्षिणेकडचा भाग दोन सेंटिमीटर सरकतो. दोन संध्याकाळी अख्खा नकाशा ताणून पाहिला, जमलं नाही. शेवटी त्याचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा आपापल्या जवळच्या खुणांवर बसवला. सांध्यावर चार-पाच मिलिमीटरची चूक राहिली आहे, ती चालवून घेतली. सोबत हायवेसाठी खणलेले घाट आणि पार्कचे (ही रणभूमी आता राष्ट्रीय उद्यान आहे) आजचे रस्ते समोच्च रेषांतून हाताने पुसले.

६ जुलै

थर चिकटवून झाले आणि शर्ली हाउसच्या जागेवरून डोळा लावून बघितलं. सह्याद्री दिसला. सरळ कडे, अरुंद धारा. विक्सबर्ग असं नाही. तिथे टेकड्या दोनेकशे फुटांच्या आहेत, पण त्यांच्यामधून नुसत्या घळी आणि ओघळ गेलेत, हाताच्या तळव्यावरच्या रेषांसारखे.

चूक हिशेबात होती. वीस फूट म्हणजे या प्रमाणात एक मिलिमीटर. मी पाच मिलिमीटरचा थर लावला म्हणजे उंची पाचपट झाली. फोम ज्या जाडीचा मिळाला त्या जाडीने डोंगर ठरवला. आता दर चाळीस फुटांना एक थर, म्हणजे उंची अडीचपट. थर दहावरून पाचावर आले. मधल्या घळी बोर्डावर येत नाहीत, त्या पातीच्या सुरीने हाताने कोरायच्या. कोरायलाच तीन शनिवार लागणार.

तेवढं करायलाच हवं, कारण या घळींनीच शहर वाचवलं आणि हल्ला करणाऱ्यांना मारलं. शहरात शिरणारे रस्ते टेकड्यांच्या माथ्यांवरून जातात: जॅक्सन रोड, ग्रेव्हयार्ड रोड, बाल्डविन्स फेरी रोड, शिवाय रेल्वे. प्रत्येक वाटेवर दक्षिणेचा इंजिनिअर लॉकेट याने मातीचा बुरूज बांधून घेतला. रस्ता सोडला तर घळीत उतरायचं, तोडून आडव्या टाकलेल्या झाडांतून वाट काढायची आणि पुन्हा चढायचं. रस्ता धरला तर चार-चार जणांच्या रांगेत थेट तोफेसमोर.

१३ जुलै

माती. दिवाळीचा किल्ला आहे, रंगाने भागवायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या अंगणातली माती चाळून पाणी नि वुड ग्लूमध्ये कालवून उत्तरेकडच्या भागावर लिंपली. छान बसली. मंगळवारी सगळीकडे भेगा. बोट जाईल एवढ्या.

जॅक्सनची माती ती याझू क्ले. पावसात फुगते, उन्हात आकसते, इथल्या घरांचे पाये तिनेच फुटतात. आमच्या हॉलच्या भिंतीत तिची भेग आहे आणि तरी मला आधी सुचलं नाही. सगळं खरवडलं. एक थर फोमसकट निघून आला.

२० जुलै

राष्ट्रीय उद्यानातून माती उचलणं गुन्हा आहे, म्हणून तिथे हात लावला नाही. ऑफिसातला एक सहकारी विक्सबर्गला राहतो, त्याच्या घरामागे भिंतीसाठी खणकाम चालू होतं. त्याने एक बादली भरून दिली.

ही लोएस. वाऱ्याने आणून टाकलेली धूळ, हजारो वर्षांची. फिकट पिवळसर, बोटांत धरली तर ज्वारीच्या पिठासारखी. चाळताना तिच्यात पांढरे बारीक शंख निघाले, जमिनीवरच्या जुन्या गोगलगायींचे. लेकीने ते वेगळे काढून डबीत ठेवलेत.

एक प्रयोग केला, तो जरूर करून पाहा. परातीत ओलसर लोएस दाबून दोन ढीग केले. एकाची बाजू सुरीने सरळ उभी कापली, दुसऱ्याची उतरती केली. दोन्हींवर झारीने पाणी सोडलं. उतरती बाजू पाच मिनिटांत वाहून गेली. उभी तशीच राहिली. लॉकेटच्या बुरुजांच्या भिंती आणि शहरातल्या गुहा यामुळेच टिकल्या.

मिश्रण: तीन वाट्या लोएस, एक वाटी वुड ग्लू, अर्धी वाटी पाणी. दोन मिलिमीटरपेक्षा जाड लिंपू नका. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. मी घाई केली तिथे पोपडे आले.

३ ऑगस्ट

गुहांचं काय करायचं यावर दोन आठवडे अडलो. वेढा बसला, नदीतून उत्तरेच्या आरमाराचा अधिकारी पोर्टर याच्या बोटींवरच्या उखळी तोफा आणि जमिनीवरून ग्रँटच्या तोफा रात्रंदिवस सुरू झाल्या, तेव्हा शहरातले लोक टेकड्यांच्या कुशीत गुहा खणून राहायला गेले. पाचेकशे गुहा झाल्या असाव्यात. काहींत गालिचे, पलंग, आरसेही नेले होते. बहुतेक खणल्या त्या गुलाम माणसांनी.

१:६००० मध्ये गुहा म्हणजे टाचणीचं टोकसुद्धा नाही. टेकडीवर काळे ठिपके देऊन पाहिले, वाळवी लागल्यासारखे दिसले. काढून टाकले. शेवटी वेगळा, वीत-दीड वीत लांबीचा लोएसचा ठोकळा केला, एक बाजू उभी कापली आणि आत चमच्याच्या दांड्याने एक गुहा कोरली: दोन खोल्या, दोन दारं, एक दार ढासळलं तर दुसरं राहावं म्हणून. आत आगपेटीच्या काड्यांचा पलंग.

कोरताना छत दोनदा पडलं. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा लेकीने विचारलं, "आत माणसं असती तर?" काही गुहांमध्ये ते खरंच झालं होतं, हे तिला सांगितलं.

ठोकळ्याशेजारी फुलाफुलांच्या वॉलपेपरचा तुकडा लावणार आहे. कागद संपल्यावर शहरातलं 'डेली सिटिझन' हे वर्तमानपत्र वॉलपेपरच्या पाठीवर छापलं जाई. शेवटचा अंक २ जुलैचा. उत्तरेचे सैनिक छापखान्यात शिरले तेव्हा खिळे जुळवलेले तसेच होते. त्यांनी खाली एका टिपेची भर घातली आणि अंक छापला.

१७ ऑगस्ट

आजची नोंद लिहायला जड जाते, पण लिहितो.

दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरायची आमची सवय. लेकीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी, मी ऑफिसात असताना, पूर्वेच्या उतारांवर हळीव पेरला आणि रोज पाणी शिंपडलं. चौथ्या दिवशी कोंब आले, फार गोजिरे. सहाव्या दिवशी जॅक्सन रोडजवळचा सगळा उतार घळीत घसरला. तीन शनिवारांचं कोरीवकाम गेलं. मुलींना रागावलो नाही. पाण्याचा प्रयोग मीच त्यांना दाखवला होता, पण त्यातून काय टाळायचं ते नीट सांगितलं नव्हतं.

त्यांच्या हळिवामुळे दुसरी एक चूक वेळेत कळली. मी झाडांसाठी शेवाळाची पिशवी आणून ठेवली होती, कारण आज पार्कमध्ये जंगल आहे. मोर्च्यांपासून मोर्चे दिसत नाहीत इतकं. ते जंगल १८६३ चं नाही. तेव्हा माथे उघडे होते, काही शेतीने, उरलेले तोफांना मोकळी नजर हवी म्हणून तोडलेले. आजची बरीच झाडं १९३० च्या दशकात मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी माती वाहू नये म्हणून लावली. माझ्या उताराचं जे झालं तेच तिथे होत होतं.

शेवाळाची पिशवी परत केली. काही ठिकाणी काड्या तोडून आडव्या टाकल्या, टोकं बाहेर. झाडं एवढीच.

उतार पुन्हा बांधायला २४ ऑगस्ट गेला.

३१ ऑगस्ट

नदी ओतली. आधी पात्राच्या कडेला स्प्रे रंग मारला, त्यातल्या द्रावणाने फोम खाल्ला आणि डी सोटोचं टोक बोथट झालं. फोमवर स्प्रे नको, ब्रशने पाण्याचा रंग द्या.

मग इपॉक्सी रेझिन. फळी समपातळीत आहे असं धरून चाललो होतो, लेव्हल लावून पाहिली नव्हती. रात्री दोनला उठून बघतो तर दक्षिणेच्या कोपऱ्यातून नदी गॅरेजच्या फरशीवर वाहिलेली. ७२ डॉलरचं रेझिन, अर्धं गेलं. दुसरं ४६ डॉलरचं आणलं. या वेळी कडेला टेप लावला, फळीखाली पाचर घातली आणि तीन-तीन मिलिमीटरचे दोन हात ओतले. तळाला निळा नाही, गढूळ तपकिरी रंग. मिसिसिपी निळी नाही.

आता वळण फार सुंदर दिसतं. रात्री दिवे घालवून शहराच्या काठावर, तोफांच्या जागी, पाच लहान एलईडी लावले आणि कागदाची बोट वळणातून ओढत नेली. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री पोर्टरने आपल्या बोटी अशाच खाली नेल्या. दक्षिणेच्या लोकांनी काठावर आगी लावून नदी उजळली, बराच वेळ मारा केला, तरी हेन्री क्ले ही एकच बोट बुडाली. या बोटींनीच पुढे ग्रँटची फौज दक्षिणेला नदीपार उतरवली. तिथून तो फिरून जॅक्सनवर आला, आमच्या गावावर, आणि मग पूर्वेकडून विक्सबर्गच्या पाठीवर. हा फेरा फळीवर मावत नाही. भिंतीवर वेगळा नकाशा रंगवून भागवणार.

७ सप्टेंबर

गणपती. काम नाही.

२१ सप्टेंबर

मोर्च्यांच्या रेषा. खंदक कोरायचा विचार सोडला, कारण खरा खंदक या प्रमाणात केसाएवढा. दोरा लावला: आतल्या तटबंदीला राखाडी, बाहेरच्या मोर्च्यांना निळा. दक्षिणेची रेषा सुमारे आठ मैल, चंद्रकोरीसारखी, दोन्ही टोकं नदीला टेकलेली. बाहेरची तिला कवेत घेणारी, बाराएक मैल. आधी साधा शिवणाचा दोरा लावला तो ग्लूने फुगून तंतू सुटले. मेण लावलेला चांभारी दोरा हवा.

१९ आणि २२ मेच्या हल्ल्यांसाठी निळे बाण लावले होते, ते आज काढले. बाण लावले की हल्ला आत शिरल्यासारखा वाटतो. त्याऐवजी हल्ला जिथे थांबला तिथे, बुरुजांच्या पुढ्यात, निळ्या टाचण्या टोचल्या. २२ मेला ग्रँटच्या फौजेचे तिन्ही कोअर (मोठे विभाग) एकाच वेळी चालून गेले, ठरलेल्या वेळी, घड्याळं जुळवून. स्टॉकेड रेडान या बुरुजावर दीडशे स्वयंसेवक शिड्या घेऊन पुढे. एका दिवसात उत्तरेची सुमारे ३,२०० माणसं मेली, जखमी झाली किंवा सापडली. त्यानंतर ग्रँटने फावडी मागवली.

दोऱ्याच्या पूर्वेला, फळीच्या कडेला, दुसरा निळा दोरा आहे, बाहेर तोंड करून. ग्रँटचा सेनानी शर्मन याला, वेढ्याबाहेर असलेल्या दक्षिणेच्या जॉन्स्टनच्या फौजेकडे लक्ष ठेवायला बसवलं होतं. पेंबर्टन जॉन्स्टनच्या मदतीची वाट बघत राहिला. ती आली नाही.

५ ऑक्टोबर

मोठ्या फळीवर माणूस दिसत नाही हे मला पहिल्या दिवसापासून सलत होतं. म्हणून दुसरी, तीन फुटांची फळी, १:५००. विषय एकच: जॅक्सन रोडवरचा थर्ड लुईझियाना रेडान, म्हणजे बाहेर टोक काढलेला त्रिकोणी मातीचा बुरूज, आणि त्याच्याखालचा सुरुंग. आधी १:२०० घ्यायला निघालो होतो, पण शर्ली हाउसपासून बुरुजापर्यंतचा चर सुमारे ४०० यार्डांचा, म्हणजे फळी सहा फुटांची झाली असती.

चर आधी सरळ खणला. लेकीने बुरुजावर एलईडी ठेवला, तो उजेड चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ शिरला. जिथे उजेड पोचतो तिथे गोळी पोचते. चर बुजवला, नागमोडी खणला. प्रत्येक वळण एलईडी लावून तपासलं. एका जागी अजून उजेड जात होता, ते वळण तिने पुन्हा खणलं. हा खेळ मुलांसोबत नक्की करा. चर असा का खणतात ते एका संध्याकाळीत कळतं.

चराच्या तोंडाशी आडोसा म्हणून उत्तरेचा इंजिनिअर हिकनलूपर याने रेल्वेचा उघडा डबा कापसाच्या गाठी रचून ढकलत नेला. दक्षिणेच्या सैनिकांनी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस लावून गोळ्या मारल्या आणि तो पेटवून दिला. डबा मी आगपेटीचा केला, वर कापसाचे बोळे.

सुरुंग २५ जूनला उडाला. खाणीत काम केलेले सैनिक शोधून त्यांच्याकडून बुरुजाखाली पंचेचाळीस फुटांचा बोगदा खणून घेतला होता, आत २,२०० पौंड दारू. स्फोटाचा खड्डा चाळीस फूट रुंद, बारा फूट खोल. फळीवर अडीच सेंटिमीटर.

खड्डा करून झाल्यावर कळलं की काहीतरी चुकलंय. एवढं भगदाड पडलं तर फौज आत का गेली नाही? माझ्या फळीवर खड्ड्यामागे मोकळं मैदान होतं. प्रत्यक्षात आतल्यांना खालून खणल्याचे आवाज ऐकू येत होते. त्यांनी बुरुजाच्या मागे आणखी एक भिंत आधीच उभी केली होती. इलिनॉयची ४५ वी रेजिमेंट खड्ड्यात उतरली आणि त्या भिंतीवरून येणाऱ्या गोळ्या नि पेटवून टाकलेल्या तोफगोळ्यांखाली अडकली. भिंत घातली, आता चित्र बरोबर आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

पातीची सुरी, ब्रश, लेव्हल, करवत पाटावर मांडून पूजा केली.

संध्याकाळी सोनं द्यायला म्हणून शेजारच्या सत्तरीच्या गृहस्थांकडे आपट्याची पानं (इथे मिळतात ती साधीच कुठलीतरी) घेऊन गेलो. ते गॅरेजमध्ये फळी बघायला आले. बराच वेळ वाकून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "निळे कळले, राखाडी कळले. आमची माणसं कुठे आहेत?"

उत्तर नव्हतं. ते कृष्णवर्णीय आहेत, त्यांचे पणजोबा याच भागात राबले. लॉकेटची तटबंदी गुलामांनी खणली. डी सोटोवरचा १८६२ चा कालवा मळ्यांतून आणलेल्या बाराएकशे गुलामांनी खणला. ग्रँटच्या चरांवरही मालकांकडून सुटून आलेली माणसं राबली. ७ जूनला इथून वर मिलिकन्स बेंडला कृष्णवर्णीय सैनिकांनी, हातात बंदुका येऊन थोडेच दिवस झालेले असताना, हातघाईची लढाई दिली. चार महिने मी माती, दोरा आणि रेझिनबद्दल लिहितोय आणि ही माती कुणी उपसली हे एका ओळीपलीकडे गेलं नाही.

१९ ऑक्टोबर

माणसं केली. १:५०० मध्ये माणूस साडेतीन मिलिमीटरचा. टूथपिक कापून पाहिले, फुटतात. तांदळाची कणी बरोबर मापाची निघाली. चिमट्यात धरून रंगवली: निळी, राखाडी, आणि तपकिरी. फावडं दाखवता येत नाही, म्हणून ओणवी चिकटवली. मोजून तीनशेवीस कण्या, तीन संध्याकाळी. हिने आणि मुलीने मिळून निम्म्या केल्या.

तपकिरी कण्या तटाच्या आत, चरात आणि बोगद्याजवळ आहेत. एक कणी वेगळी, खड्ड्याच्या उत्तरेकडच्या बाजूला, हवेत तारेवर. आतून उलट बोगदा खणायला लावलेल्या गुलामांपैकी अब्राहम नावाचा माणूस १ जुलैला याच बुरुजाखाली उडवलेल्या दुसऱ्या सुरुंगाच्या स्फोटाने उडून थेट उत्तरेच्या फौजेत पडला, आणि जगला. बाकीचे गाडले गेले.

मोठ्या फळीवर मिलिकन्स बेंडकडे जाणारी खूण उत्तरेच्या कडेला लावली. फोर्ट हिलजवळ राष्ट्रीय स्मशानभूमीची जागा पांढरी ठेवली: सतरा हजार उत्तरेचे सैनिक, त्यांतले तेरा हजार निनावी.

२६ ऑक्टोबर

मंडळाची दिवाळी. फळी व्हॅनमध्ये तिरकी न्यावी लागली. दक्षिणेच्या कोपऱ्यात रेझिनला केसासारखी भेग गेली.

पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: महाराज कुठे बसणार? किल्ल्याच्या माथ्यावर कोर्ट हाउस आहे, त्याचं घड्याळ दोन्ही बाजूंना दिसायचं, हे दाखवलं.

साताऱ्याहून बाबा व्हिडिओवर होते. त्यांनी फळी नीट फिरवून बघितली आणि विचारलं, "चोरदरवाजा कुठाय रे?" चोरदरवाजा नव्हता. पाठीला नदी, आणि नदीत पोर्टर. शेवटी आतले लोक घरं मोडून त्या लाकडाच्या होड्या बांधतायत अशी खबर ग्रँटला लागली होती. तोवर सैनिक खेचराच्या मांसावर आणि वाटाण्याच्या पिठाच्या भाकरीवर आले होते. ३ जुलैला दोन मोर्च्यांमधल्या एका ओकच्या झाडाखाली बोलणी झाली आणि ४ जुलैला सुमारे २९,५०० सैनिकांनी शस्त्रं ठेवली. बाबा म्हणाले, "मग ते आधीच, वेढा पडायच्या आत बाहेर पडायला हवे होते." जॉन्स्टनने पेंबर्टनला नेमकं तेच कळवलं होतं.

शेजारचे गृहस्थ आले होते. दुसऱ्या फळीपाशी नातवाला उचलून धरून तारेवरची कणी दाखवत होते.

२ नोव्हेंबर

हिशेब: २९६ डॉलर, पेट्रोल सोडून. त्यातले शंभरेक चुकांचे. बावीस शनिवार, त्यातले सहा पूर्ण वाया.

पुन्हा केलं तर आधी जुना नकाशा, मग समोच्च रेषा. मग माणसं, दोऱ्याच्याही आधी. प्रमाणही त्यांच्यावरून ठरवीन.

दोन्ही फळ्या गॅरेजमध्ये लाकडी घोड्यांवर ठेवल्यात. कोपऱ्यातली रेझिनची भेग भरायची आहे. डी सोटोवरचा जुना कालवा पेन्सिलने आखून ठेवलाय, तो अजून कोरायचा आहे. आज आठ तपकिरी कण्या रंगवून वाळत ठेवल्या.